‘माझं सगळं डीमध्येच आहे’ : विंडोज नव्याने टाकताना दुसऱ्या डिस्कवर काय बेततं

तालुक्याच्या गावातलं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि दरवर्षी एक-दोन दिवाळी अंकांची जुळणी, असं दुकानाच्या मालकीणबाईंचं काम. संगणक एकच. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, विंडोज १० प्रो, आणि आत दोन डिस्क: जुनी १ टीबीची हार्ड डिस्क आणि नंतर बसवून घेतलेली १ टीबीचीच एसएसडी. विंडोज एसएसडीवर, म्हणजे सी ड्राइव्हवर. पंधरा-सोळा वर्षांचं काम हार्ड डिस्कवर, म्हणजे डी ड्राइव्हवर.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट तेव्हाच्या घोषणेनुसार १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळणार होते, त्यामुळे जीव टांगणीला लागावा अशी घाई नव्हती. पण दिवाळी अंक हातावेगळे झाले होते, लग्नसराईची गर्दी अजून सुरू व्हायची होती. विंडोज ११ टाकायचं तर आत्ताच, असं ठरलं. सुरुवातीलाच त्या ताई मला म्हणाल्या, “दादा, सीवर काय असेल ते जाऊ द्या. माझं सगळं डीमध्येच आहे. डीला तुम्ही हात लावणार नाही ना?”

विंडोज नव्याने टाकून घेणारा जवळपास प्रत्येक जण हेच बोलतो, आणि टाकून देणाराही “डीला काही होत नाही” असं सांगून मोकळा होतो. मला हे उत्तर धोक्याचं वाटतं. डीला कुणी हात लावला नाही तरी डीवरच्या फाइली हातच्या जाऊ शकतात, कारण दोन डिस्क एकाच संगणकात वर्षानुवर्षं राहिल्या की एकमेकींत गुंतलेल्या असतात. डीवरचं काय सीवर अवलंबून आहे आणि सीचं काय डीवर बसलेलं आहे, हे आधी शोधावं लागतं. या दुकानात दोन्ही बाजूंचा गुंता होता.

अपग्रेड अडलं तिथून

आम्ही आधी साधं अपग्रेड करून पाहिलं. त्यात फाइली, सॉफ्टवेअर, खाती सगळं जागच्या जागी राहतं, म्हणून शक्य असेल तिथे मी तेच सुचवतो. ते अडलं. ‘सिस्टम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही’ अशा अर्थाचा संदेश आला. संगणक सुरू होताना ज्या छोट्या विभागातून विंडोजचा बूट लोडर, म्हणजे विंडोज सुरू करून देणारा प्रोग्राम, उचलला जातो, तो विभाग भरला की हा संदेश येतो. बऱ्याच संगणकांत हा विभाग जेमतेम १०० एमबीचा असतो. त्यातल्या बूटसाठीच्या फाँटच्या फाइली काढून थोडी जागा केली की सहसा काम भागतं.

पण जागा करण्याआधी तो विभाग आहे कुठे, हे डिस्क मॅनेजमेंट या विंडोजमधल्या साधनात पाहिलं. डिस्क ० म्हणजे हार्ड डिस्क: आधी १०० एमबीचं ‘ईएफआय सिस्टम पार्टिशन’, मग ९३१ जीबीची डी. डिस्क १ म्हणजे एसएसडी: त्यावर फक्त सी. ज्या डिस्कवर विंडोज आहे तिच्यावर बूटचा विभागच नव्हता. तो बसला होता ताईंच्या कामाच्या डिस्कवर.

हे कसं झालं ते समजायला अवघड नाही. पूर्वी विंडोज हार्ड डिस्कवरच होतं. एसएसडी आणली तेव्हा ज्याने ती बसवली त्याने हार्ड डिस्क न काढताच विंडोज टाकलं. इन्स्टॉलरला हार्ड डिस्कवर बूटचा तयार विभाग दिसला, त्याने तोच वापरला आणि एसएसडीवर नवा केला नाही. नंतर हार्ड डिस्कवरचा जुना विंडोजचा भाग फॉरमॅट होऊन त्याची डी झाली आणि १०० एमबीचा तुकडा पुढे तसाच राहिला. काम बिनबोभाट चालू होतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

याचा एक परिणाम म्हणजे ही जुनी हार्ड डिस्क ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी नव्या एसएसडीवरचं विंडोजही सुरू व्हायचं नाही. दुसरा परिणाम त्याहून वाईट, आणि तो विंडोज टाकतानाच समोर येतो.

विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये डिस्क निवडायच्या पडद्यावर सी, डी अशी अक्षरं नसतात. तिथे ‘डिस्क ० पार्टिशन १’, ‘डिस्क ० पार्टिशन २’ अशी यादी असते, पुढे आकार आणि प्रकार. विभागाला नाव दिलेलं असेल तर ते दिसतं. इथे कुठल्याच विभागाला नाव नव्हतं. १ टीबीची डिस्क विंडोज ९३१ जीबी दाखवतं, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. दोन्ही डिस्क १ टीबीच्या, म्हणजे यादीत ९३१ दोनदा. आता हे काम रोज करणारा माणूस काय बघतो? ज्या डिस्कवर १०० एमबीचा ‘सिस्टम’ विभाग आहे ती विंडोजची डिस्क, अशी त्याची खूणगाठ असते. त्या डिस्कवरचे सगळे विभाग उडवायचे, मोकळी जागा निवडायची आणि पुढे जायचं. या संगणकात त्याच खुणेने त्याने नेमकी डी उडवली असती. हात सवयीचा असता, खूणही चुकीची नसती, आणि पंधरा वर्षांचं काम गेलं असतं.

म्हणून डिस्कच्या क्रमांकावर, आकारावर किंवा खुणेवर भरवसा ठेवून विंडोज टाकू नये असं माझं ठाम मत आहे. क्रमांक तर केबल मदरबोर्डवर कुठे खोचली आहे त्यावरही बदलतो. फाइली असलेली डिस्क त्या वेळी संगणकाला जोडलेलीच नसावी. यापेक्षा खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

केबल काढण्याआधी

बूटच्या विभागावरचा उपाय सोपा होता: हार्ड डिस्क काढून एसएसडीवर विंडोज ११ स्वच्छ टाकायचं, म्हणजे इन्स्टॉलरला बूटचा विभाग एसएसडीवरच करावा लागतो. असलेलं विंडोज ठेवून नुसता बूटचा विभाग हलवताही आला असता, पण त्या विंडोजमध्ये वर्षांचा गाळ साचला होता आणि ताईंनाही कोरी सुरुवात हवी होती. खरं काम होतं ते उलट्या बाजूचा गुंता सोडवण्याचं. सी पुसली की डीवरचं काय निकामी होईल?

सगळ्यात आधी कुलूपबंद फाइली. डीवर ‘प्रश्नपत्रिका’ नावाचा फोल्डर होता आणि त्यातल्या प्रत्येक फाइलच्या चित्रावर बारीक पिवळं कुलूप. शाळेने गुप्तता पाळा म्हणून बजावलं होतं. त्यामुळे कधीतरी कुणीतरी फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘एन्क्रिप्ट’ची खूण केली होती. ही सोय विंडोजच्या प्रो आवृत्तीत असते, होममध्ये नसते. तिला ईएफएस म्हणतात. ताईंना याचा पत्ताच नव्हता, कारण त्यांच्या खात्यातून फाइली नेहमीसारख्या उघडत होत्या. पासवर्ड विचारला जात नव्हता, काही वेगळं दिसत नव्हतं.

इथे कुलूप डीवर आणि किल्ली सीवर, अशी स्थिती असते. फाइल उघडणारं प्रमाणपत्र वापरकर्त्याच्या खात्यात, म्हणजे सीवर राहतं. सी फॉरमॅट झाली की ते जातं. नव्या विंडोजमध्ये तेच नाव आणि तोच पासवर्ड देऊन खातं उघडलं तरी ते खातं वेगळं असतं, जुनं प्रमाणपत्र त्यात येत नाही. फाइली डिस्कवर दिसतात, आकार बरोबर दिसतो, आणि उघडत मात्र नाहीत. प्रमाणपत्राची प्रत नसेल तर पुढे कुणाकडेही नेऊन उपयोग नसतो.

एका फोल्डरवर कुलूप दिसलं म्हणून तेवढ्यावर थांबलो नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये सायफर ही कमांड स्लॅश-यू, स्लॅश-एन, स्लॅश-एच असे पर्याय देऊन चालवली की सगळ्या डिस्कवरच्या एन्क्रिप्टेड फाइलींची यादी मिळते, फाइलींना धक्का न लावता. यादीत एका बँकेच्या पत्रव्यवहाराचा फोल्डरही निघाला. दोन्हींची एन्क्रिप्टची खूण काढली, आतल्या फाइलींसकट. प्रमाणपत्र पीएफएक्स फाइल म्हणून बाहेर काढून ठेवणं हा दुसरा मार्ग आहे, आणि खबरदारी म्हणून तेही केलं, पण फाइली उघड्या करून घेणं जास्त भरवशाचं.

बिटलॉकर, म्हणजे अख्खा ड्राइव्ह कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, या संगणकावर बंद होतं. ते गृहीत न धरता मॅनेज-बीडीई या कमांडने दोन्ही ड्राइव्हची स्थिती पाहिली. लॅपटॉपवर ते चालू असण्याची शक्यता बरीच जास्त. डी बिटलॉकरने बंद असेल आणि ‘आपोआप उघड’ अशी सोय केलेली असेल, तर ती आपोआप उघडण्याची किल्लीसुद्धा सीवरच असते. नव्या विंडोजमध्ये डी पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती हातात असल्याशिवाय सीला हात लावायचा नाही.

मग फाँट. डीटीपीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, पण दुरुस्ती करणाऱ्यांना सांगावं लागतं. ताईंचं जुनं काम युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत, नाही. श्री-लिपी आणि आयएसएम या टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जमान्यातल्या फाँटमध्ये ते केलेलं आहे. अशा फाइलीत साठवलेली अक्षरं मुळात इंग्रजीच्या जागांवरची असतात आणि फाँट त्यांना देवनागरी रूप देतो. फाँट गेला की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. कोरल ड्रॉ आणि पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरच्या फाइली डीवर, पण त्यांचे फाँट सीवर, विंडोजच्या फाँट्स फोल्डरमध्ये. शिवाय विंडोज १० च्या २०१८ मधल्या आवृत्तीपासून एखादा फाँट फक्त चालू खात्यापुरता बसवता येतो, आणि तो वेगळ्याच ठिकाणी, वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटा या लपलेल्या फोल्डरात जातो. नुसता फाँट्स फोल्डर उचलला तर तेवढे फाँट मागे राहतात. ताईंच्या अलीकडच्या पत्रिकांतले दोन-तीन फाँट नेमके तिथेच सापडले. दोन्ही जागांचे फाँट बाहेरच्या डिस्कवर घेतले. टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं हार्डवेअर लॉक (संगणकाला जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही असा छोटा तुकडा) आणि मूळ सीडी कपाटातून काढून टेबलावर ठेवायला सांगितलं, आणि कोरलचं अ‍ॅक्टिव्हेशन त्या संगणकावरून सोडवून घेतलं.

शेवटी ‘सगळं डीमध्येच’ या वाक्याची तपासणी. डेस्कटॉपवर चालू कामांचे बरेच फोल्डर होते. त्यातले काही डीचे शॉर्टकट आणि काही खरोखरचे फोल्डर, आणि दिसायला दोन्ही जवळजवळ सारखे. शॉर्टकटला कोपऱ्यात बाण असतो, तेवढाच फरक. गिऱ्हाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो आणि मजकूर डाउनलोड्समध्ये, म्हणजे सीवर. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही सीवर. ताई शेजारी बसल्या होत्या, त्या स्वतःच म्हणाल्या, “अहो, हा तर कालचा अहवाल आहे!” पतसंस्थेचा तो अहवाल सीवर होता.

प्रत काढणं, आणि ती तपासणं

डिस्क काढून ठेवणार आहोत, मग प्रत कशाला, असं ताईंनी विचारलं. प्रश्न रास्त होता. पण जुनी डिस्क काढताना, ठेवताना, परत जोडताना दगावू शकते, आणि या कामाची दुसरी प्रत जगात कुठेच नव्हती. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत साधनाने डिस्कची तब्येत पाहिली. त्यात ‘रीअ‍ॅलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरचे आकडे बघायचे, म्हणजे डिस्कचे खराब म्हणून बदललेले आणि वाचताना अडणारे तुकडे. पेंडिंगचा आकडा शून्याच्या वर असेल तर बाकी सगळं सोडून आधी सर्वांत महत्त्वाच्या फाइली काढून घ्याव्यात. इथे दोन्ही शून्य होते.

बाहेरची २ टीबीची डिस्क आणली आणि रोबोकॉपीने सगळी डी तिच्यावर उतरवली. रोबोकॉपी ही प्रती काढायची कमांड विंडोजमध्येच असते, स्लॅश-आर आणि स्लॅश-डब्ल्यू या पर्यायांनी पुन्हा प्रयत्नांची संख्या आणि मधली वाट कमी ठेवली तर मध्येच एखादी फाइल अडली तरी थांबून राहत नाही, आणि शेवटी किती फाइली गेल्या, किती अडल्या याचा हिशेब देते. स्लॅश-मिर हा पर्याय मात्र वापरू नये. तो मुक्कामाच्या जागी असलेल्या जास्तीच्या फाइली पुसून टाकतो, आणि कुठून कुठे यात अदलाबदल झाली तर भरलेली डिस्क रिकामी होते. आणखी एक गोष्ट अनेकांना घाबरवते. डीच्या मुळापासून प्रत काढली की बाहेरच्या डिस्कवर तयार होणारा फोल्डर कधी कधी दिसतच नाही, कारण ड्राइव्हच्या मुळाचे ‘सिस्टम’ आणि ‘हिडन’ हे गुण त्याला चिकटतात. प्रत गेलेली असते, फक्त लपलेली. अ‍ॅट्रिब कमांडने ते गुण काढले की फोल्डर दिसू लागतो.

प्रत झाली म्हणजे काम झालं असं नाही. फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळवले, आणि मग ताईंना बाहेरच्या डिस्कवरून स्वतः फाइली उघडायला लावल्या: सगळ्यात जुनी पत्रिका, सगळ्यात मोठा दिवाळी अंक, प्रश्नपत्रिकेतली एक, आणि मनात येईल ती एखादी. प्रश्नपत्रिका माझ्या वेगळ्या लॅपटॉपवरही उघडून पाहिली. ताईंच्या संगणकावर ती उघडणारच होती, कारण किल्ली अजून तिथेच होती. एन्क्रिप्शन खरंच निघालंय का, हे दुसऱ्या संगणकावरच कळतं.

प्रत्यक्ष काम

ते बघता बघता उरकलं. शिफ्ट दाबून शटडाउन केलं, म्हणजे फास्ट स्टार्टअप या लवकर सुरू होण्याच्या सोयीमुळे अर्धवट झोपी न जाता संगणक पुरता बंद होतो. मुख्य वायर काढली, हार्ड डिस्कच्या डेटा आणि वीज अशा दोन्ही केबल काढल्या, आणि डिस्कवर ‘डी – काम’ अशी चिठ्ठी लावली. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, विंडोज ११ ला लागणाऱ्या सुरक्षेच्या दोन सोयी, टीपीएम (इंटेलच्या बोर्डांवर ते पीटीटी या नावाने असतं) आणि सिक्युअर बूट, चालू असल्याची खात्री केली. इन्स्टॉलरच्या यादीत आता एकच डिस्क होती. तिच्यावरचे विभाग उडवले आणि विंडोज ११ टाकलं. नव्या इन्स्टॉलरमध्ये ‘सगळं पुसलं जाईल हे मला मान्य आहे’ अशी खूण करावी लागते, तिने लोक हबकतात. डिस्क बाहेर टेबलावर असली की ती खूण करताना हात कापत नाही.

लॅपटॉपवाल्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण तिथे हाच धोका वेगळ्या रूपात येतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची डिस्क हाताळण्याची रचना चालू असते आणि तिचा ड्रायव्हर दिल्याशिवाय इन्स्टॉलरला आतली एनव्हीएमई एसएसडी दिसतच नाही. लॅपटॉपमध्ये दुसरी डिस्क असेल तर यादीत ती एकटीच दिसू शकते. एकच डिस्क दिसते म्हणजे हीच विंडोजची, असं समजून माणूस आपल्या फाइलींची डिस्क पुसतो. आकार ओळखीचा नसेल तर तिथेच थांबून ‘लोड ड्रायव्हर’ करावं. आणि पेनड्राइव्हशिवाय, विंडोजमधल्याच ‘रीसेट’ने काम करणार असाल तर ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडल्यावर फक्त विंडोजचा ड्राइव्ह की सगळे ड्राइव्ह, हे पुढच्या सेटिंगमध्ये ठरतं. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हार्ड डिस्कशिवाय संगणक बंद-चालू करून पाहिला. नीट सुरू झाला, म्हणजे बूटचा विभाग आता एसएसडीवर होता. मग पुन्हा वीज काढून हार्ड डिस्क जोडली. बायोसमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ दोनदा दिसू लागलं, एक जुनं हार्ड डिस्कवरचं. एसएसडीचं पहिलं ठेवलं. तो जुना १०० एमबीचा तुकडा मी मुद्दाम तसाच ठेवला. डिस्कपार्ट या कमांडने तो काढता येतो, पण १०० एमबीसाठी ज्या डिस्कवर सगळं काम आहे तिच्या विभागांत ढवळाढवळ करण्यात शहाणपण नाही.

डीला नव्या विंडोजने ई हे अक्षर दिलं होतं, कारण डी अक्षर पेनड्राइव्हने घेतलं होतं. पेजमेकर आणि कोरलच्या फाइलींतल्या चित्रांचे पत्ते डीचे आहेत, म्हणून डिस्क मॅनेजमेंटमधून अक्षर बदलून परत डी केलं. एका फोल्डरने ‘परवानगी नाही’ म्हटलं. तो ताईंचा जुना ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर होता, पूर्वी कधीतरी डीवर हलवलेला. त्याची मालकी जुन्या खात्याकडे होती. ‘कंटिन्यू’ दाबून तेवढ्या फोल्डरची परवानगी घेतली. सगळ्या डीची मालकी एका दमात बदलायची गरज नव्हती. हे परवानगीचं अडणं आणि ईएफएसचं कुलूप यांत लोक गल्लत करतात. परवानगी नव्या खात्याला घेता येते. ईएफएसची फाइल मालकी घेऊनही उघडत नाही.

नवं विंडोज मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकरचंच साधं रूप, आपोआप चालू होऊ शकतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून त्याच्या अटी सैल झाल्या आहेत, आणि ते सीबरोबर आत जोडलेल्या दुसऱ्या डिस्कलाही लागू होतं. म्हणजे आत्ताच सोडवलेला गुंता न सांगता परत पडायचा. सेटिंगमध्ये पाहिलं, ते चालू झालेलं होतं. दुकानाच्या संगणकावर ते नको असं ताईंनी ठरवलं, आम्ही ते बंद केलं आणि डिस्कवरचं एन्क्रिप्शन पूर्ण निघेपर्यंत संगणक चालू ठेवला. चालू ठेवायचं असेल तर ४८ अंकी की कागदावर छापून कपाटात ठेवावी.

समजा हे वाचणाऱ्या कुणाची डी आधीच उडाली असेल, तर संगणक लगेच बंद करा आणि त्या डिस्कवर काहीही लिहू देऊ नका. हार्ड डिस्कवर नुसता विभाग उडाला असेल किंवा क्विक फॉरमॅट झालं असेल, तर टेस्टडिस्क आणि फोटोरेक या मोफत साधनांनी बरंच परत मिळू शकतं, मात्र मिळालेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवायच्या. एसएसडीवर फॉरमॅटबरोबर ट्रिमचा, म्हणजे ती जागा आता रिकामी समजण्याचा, आदेश जातो आणि फाइली परत मिळण्याची आशा फार कमी उरते.

बाहेरची डिस्क आता ताईंच्या घरी असते, दुकानात नाही. दर शनिवारी ती आणून आठवड्याचं काम तिच्यावर उतरवलं जातं. जुन्या फाँटमधल्या ज्या पत्रिकांची गिऱ्हाइकं पुन्हा पुन्हा येतात, त्यांचा मजकूर ताई फावल्या वेळात युनिकोडमध्ये आणताहेत. हार्ड डिस्क अजून तीच आहे. पेंडिंगचा आकडा महिन्यातून एकदा बघायचा आणि तो हलला की त्याच दिवशी नवी डिस्क घ्यायची, असं आम्ही ठरवलंय.